तपासणी जुनी, उपाय नवा

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट चमचाभर लघवी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरत. त्यात अल्ब्युमिन हे प्रथिन असेल तर ती उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी साकळे. अंगावरची सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि शवविच्छेदनात दिसणारी बिघडलेली मूत्रपिंडं यांची सांगड त्यांनी १८२७ मध्ये घातली. पुढे बराच काळ या दुखण्याला ‘ब्राइटचा आजार’च म्हणत.

म्हणजे किडनी बिघडल्याचा सुगावा जवळपास दोनशे वर्षांपासून चमचा-मेणबत्तीच्या खर्चात लागतोय. पण कळून करायचं काय? रक्त काढा, जुलाब द्या. ब्राइट यांच्याही हाती याहून फारसं काही नव्हतं.

उपाय आला तो आजाराच्या शेवटच्या टोकाकडून. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावी, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाची सेलोफेन नळी लाकडी पिंपावर गुंडाळून १९४३ मध्ये डायलिसिस यंत्र चालवलं. सुरुवातीचे जवळपास सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून परत आली. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातावर कायमची नळी बसवली आणि पुन्हापुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं. तेव्हापासून किडनी म्हटलं की डोळ्यांसमोर डायलिसिसच येतं. आपल्याकडेही २०१६ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला तो डायलिसिसचाच. तो हवाच होता. पण तिथवर पोचलेल्या माणसाला ‘लवकर निदान’ सांगून काय उपयोग?

लवकर कळण्याला खरा अर्थ आला तो गेल्या चाळीसेक वर्षांत. लघवी तपासायच्या साध्या पट्टीवर न दिसणारं किंचित अल्ब्युमिनही मधुमेह्यांच्या किडनीवरचं संकट आधी सांगतं, हे १९८० च्या दशकात स्पष्ट झालं. कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या औषधाने मधुमेह्यांच्या किडनीची घसरण मंदावते हे १९९३ मध्ये दिसलं, लोसार्टन या तशाच औषधाचं २००१ मध्ये. २०१९-२० मध्ये मधुमेहाच्याच काही नव्या गोळ्यांनी तेच दाखवलं. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, घरात कुणाला किडनीचा आजार किंवा वर्षानुवर्षं घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर त्रास व्हायची वाट पाहण्यात अर्थ नाही. किडनी दुखून सांगत नाही.

राहिलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ; किडनी मंदावली की रक्तात तो वाढतो. ‘नॉर्मल आलंय’ म्हणून आपण रिपोर्ट घडी घालून ठेवतो. पण किडनीचं निम्मं काम मंदावलं तरी हा आकडा मर्यादेत राहू शकतो. म्हणून २००२ मध्ये अमेरिकेत आजाराचे पाच टप्पे ठरले ते वय धरून काढलेल्या गाळणक्षमतेवर, म्हणजे ईजीएफआरवर. ६५ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आलं तर बऱ्याच रिपोर्टांत त्यावर खूणही नसते. हल्लीच्या सूत्राने तिचं ईजीएफआर साधारण ५६ भरतं. तीन महिन्यांनंतरही ते ६० च्या खालीच राहिलं, तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात.