वेसण गाठीच्या हातात

आपल्याकडे पानठेल्यावर खर्रा घोटला जातो तेव्हा भीती वाटलीच तर तोंडाच्या कॅन्सरची वाटते. पण त्याची लाळ घशाखालीही उतरते. अन्ननलिकेतली गाठ मुकाट वाढते. आधी पोळी अडकते, मग माणूस ती वरणात कुस्करून खातो, मग भात पातळ होतो. नुसतं वरणाचं पाणी उरलं की घरचे नागपूरची गाडी धरतात. तोवर गाठ काढण्याजोगी राहिली असेल, तरच पुढचं सगळं लागू.

अशा गाठीवर सहसा थेट सुरी चालवत नाहीत. बहुतेकदा आधी सुमारे पाच आठवडे रेडिएशन, सोबत दर आठवड्याला केमो, मग ऑपरेशन. नेदरलँड्समध्ये ३६६ रुग्णांवर हे तपासलं गेलं. नुसत्या ऑपरेशनने निम्मे रुग्ण २४ महिन्यांहून जास्त जगले होते, तो आकडा ४९ महिन्यांवर गेला. कापून काढलेल्या भागात एकही जिवंत कॅन्सरपेशी न सापडण्याचं प्रमाण स्क्वॅमस (सपाट अस्तरपेशींच्या) प्रकारात ४९ टक्के होतं, अ‍ॅडिनो (ग्रंथीपेशींच्या) प्रकारात २३. भारतात स्क्वॅमसच जास्त, म्हणून बायोप्सीच्या कागदावरचा तो एक शब्द नीट वाचून घ्यावा.

आता ऑपरेशनआधीच्या या उपचारात इम्युनोथेरपीही, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारं औषध, जोडून पाहतात. ती कशाला? रोगाशी लढणाऱ्या आपल्या टी-पेशींना पीडी-१ नावाची वेसण असते. ती नसती तर त्या उधळलेल्या बैलासारख्या स्वतःच्याच शरीरात शिरल्या असत्या. गाठ नेमकी हीच वेसण धरून ठेवते. औषध ती तिच्या हातून सोडवतं. (पीडी-१ जपानच्या होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२मध्ये शोधलं, २०१८च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.) रेडिएशनने गाठ फुटते, तिचे तुकडे टी-पेशींना ओळख पटवून देतात. गाठ जागेवर असतानाच वेसण सुटली तर ही शिकवणी जास्त पक्की होईल, असा हिशेब.

हिशेब सुरेख आहे, आकडे मात्र अजून डळमळीत. रेडिएशन-केमोला असं औषध जोडलेल्या चीनमधल्या एका छोट्या अभ्यासात स्क्वॅमसच्या १८ ऑपरेशनांपैकी १० जणांत कॅन्सरपेशी उरल्या नव्हत्या. अमेरिकेत अ‍ॅडिनोच्या रुग्णांना निवोलुमॅब हे वेसण सोडवणारं औषध जोडून पाहिलं, तिथे फारसा फरक पडला नाही. शिवाय मोकाट टी-पेशी फुप्फुस किंवा थायरॉईडवरही घसरतात.

आणि किंमत! पूर्ण डोस म्हणजे कित्येकांना वावर विकायची पाळी. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. वर्षभर जगणारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तो आजार वेगळा, पण मला चीन-अमेरिकेच्या आकड्यांपेक्षा हे २० मिलिग्रॅम जास्त जवळचे वाटतात.