सड्यावरचा नोड घरच्या लॅपटॉपवरून कसा सांभाळावा

(आमच्याकडून मेशटास्टिकचे नोड बसवून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

नोड, म्हणजे निरोप ऐकून पुढे देणारा छोटा रेडिओ, बसला, पहिला निरोप सड्यावरून (गावावरच्या कातळाच्या पठारावरून) फिरून बंदरावर पोचला, की बहुतेक जण फोन खिशात टाकतात आणि नोडला विसरून जातात. मग जुलैत कधीतरी आम्हाला फोन येतो, "निरोप जात नाहीत हो." तोवर सड्यावरचा जांभा शेवाळून निसरडा झालेला असतो, पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि वर माणूस पाठवायची आमची हिंमत होत नाही. आठवड्यातून दहा मिनिटे लॅपटॉपवर नोडची तब्येत पाहिलीत, तर अशी दुखणी मे महिन्यातच हाती लागतात. कसे पाहायचे, ते इथे लिहिले आहे.

या कामात आम्ही पडलो ते ३ जून २०२० नंतर. निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागात माड आणि विजेचे खांब एकत्रच आडवे केले. मोबाइलचे टॉवर मुके झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पलीकडच्या वाडीत आई सुखरूप आहे की नाही, हे कळायला मुलांना पडलेली झाडे ओलांडत चालत जावे लागले. त्याच वर्षी मेशटास्टिकचा प्रकल्प जगासमोर आला. सिमकार्ड नको, टॉवर नको. एक नोड निरोप उचलतो, दुसरा ऐकून पुढे देतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे, म्हणून १ वॅटच्या आत राहून तो घरगुती माणसालाही वापरता येतो. नोडच्या सेटिंगमध्ये प्रदेश 'इंडिया' असाच राहू द्या. बाहेरून मागवलेला नोड अमेरिकेच्या पट्ट्यावर लावून इथे चालवू नका. ते नियमात बसत नाही, शिवाय तुमचा निरोप बाकीच्यांना ऐकूही येणार नाही.

लॅपटॉपला जोडताना

घरचा नोड यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये मेशटास्टिकचा वेब क्लायंट उघडा. फायरफॉक्सवर यूएसबीची जोडणी होत नाही. लॅपटॉपला नोड दिसलाच नाही तर आधी केबल बदला. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या कितीतरी केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून माहिती जात नाही. दुकानात आलेल्या तक्रारींपैकी कितीतरी केबल बदलताच मिटल्या आहेत. आणखी एक अडचण नेहमी येते. एका वेळी एकच प्रोग्राम नोडशी बोलू शकतो. ब्राउझरची खिडकी उघडी ठेवून दुसऱ्या प्रोग्रामने जोडायला गेलात, तर पोर्ट अडलेला आहे असे उत्तर येते.

वेब क्लायंटचे पान इंटरनेटवरून उघडते. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज पडेल, नेमके त्या दिवशी ते उघडणार नाही. म्हणून इंटरनेट चालू आहे तोवरच लॅपटॉपवर पायथॉन आणि मेशटास्टिकचा कमांड लाइन प्रोग्राम घालून ठेवा. एकदा बसला की त्याला इंटरनेट लागत नाही. नोडची यादी, ट्रेसरूट (निरोपाची वाट दाखवणारी चाचणी), सेटिंगची नक्कल ही सगळी कामे तो काळ्या पडद्यावर करतो. सवय नसेल तर दुकानात या, आम्ही बसवून देऊ आणि चार कमांड कागदावर लिहून देऊ. तो कागद लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवा.

काय पाहायचे

नोडची यादी उघडली की आकडेच आकडे दिसतात. सगळ्यांकडे लक्ष द्यायची गरज नाही.

पहिले पाहा बॅटरीचे व्होल्टेज, आणि तेही पहाटेचे. दुपारी बाराला सौर पॅनेल चार्ज करत असते, तेव्हा प्रत्येक नोड धडधाकट दिसतो. रात्रभर चालून पहाटे किती उरले, ते खरे. आमच्या नोडमधला लिथियम आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. पहाटे ३.८ च्या वर असेल तर निर्धास्त राहा. तीन-चार दिवस ओळीने तो आकडा उतरत असेल, तर पॅनेलवर पक्ष्यांची घाण, वाढलेली फांदी किंवा थकलेला सेल, यापैकी काहीतरी आहे. घरच्या नोडची बॅटरी १०१ टक्के दिसली तर घाबरू नका. नोड बाहेरच्या विजेवर चालला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे, अपटाइम. नोड सलग किती वेळ चालू आहे, ते त्यातून कळते. रोज सकाळी तो शून्यापासून सुरू झालेला दिसला, तर नोड रात्री मरतो आणि उन्हाबरोबर जिवंत होतो. दिवसा सगळे ठीक चालते म्हणून हे दुखणे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि वादळ मात्र रात्रीच येते. सड्यासाठी आम्ही एनआरएफ५२ जातीच्या चिपचा नोड देतो, ईएसपी३२ चिपचा देत नाही, तो यासाठीच. एनआरएफ५२ फार थोडक्या विजेवर चालतो, त्यामुळे ढगाळ दिवस ओळीने आले तरी तग धरतो.

तिसरे, चॅनल युटिलायझेशन. हवेतली जागा किती टक्के भरली आहे, ते हा आकडा सांगतो. सगळे नोड एकाच वारंवारतेवर बोलतात, एका वेळी एकानेच बोलायचे असते. हा आकडा २५ टक्क्यांच्या वर गेला की नोड स्वतःहून आपली नेहमीची माहिती पाठवणे रोखून धरतात, आणि निरोप हरवू लागतात. गर्दी बहुतेक वेळा आपणच केलेली असते. कुणी आपले ठिकाण दर मिनिटाला पाठवत असतो. घर काही चालत नाही, त्याचे ठिकाण दिवसातून दोनदा कळले तरी पुष्कळ. दुसरा कुणी सार्वजनिक एमक्यूटीटी सर्व्हरवरचे (इंटरनेटवरून मेशचे निरोप वाहणाऱ्या सर्व्हरवरचे) निरोप आपल्या नोडमधून खाली हवेत सोडतो, आणि साऱ्या जगाची बडबड आपल्या खाडीत उतरते. डाउनलिंक, म्हणजे इंटरनेटवरून खाली येणारी ही वाट, बंदच ठेवा, एवढी आमची कळकळीची विनंती आहे.

घरचा नोड कधीही 'राउटर' करू नका. राउटरचे काम उंचावरच्या नोडचे आहे. साधा 'क्लायंट' नोड जरा थांबतो, दुसऱ्याने निरोप पुढे दिलेला ऐकला तर गप्प बसतो. राउटर मात्र घाईने पुढे देतोच. माडांच्या बागेत, खाली घळीत बसलेल्या घराने राउटर व्हायचे ठरवले, तर निरोपाची एक उडी (एका नोडवरून दुसऱ्यावर जायचा टप्पा) तिथेच फुकट जाते. उड्या मुळात तीनच ठेवलेल्या असतात. घरात दोन नोड असतील तर दुसरा 'क्लायंट म्यूट' करा, म्हणजे तो दुसऱ्यांचे निरोप पुढे देणार नाही.

ट्रेसरूट वाचायला शिका

निरोप कुठल्या वाटेने गेला आणि आला, हे ट्रेसरूट सांगते. प्रत्येक टप्प्यापुढे एक आकडा असतो, सिग्नल आणि गोंगाट यांतल्या फरकाचा, डेसिबलमध्ये. तो उणे असला तरी काळजी नको. लोरा, म्हणजे नोडमधला लांब पल्ल्याचा रेडिओ, गोंगाटाच्या खालचेही ऐकतो, 'लाँग फास्ट' या नेहमीच्या सेटिंगवर साधारण उणे १७.५ पर्यंत.

समजा मे महिन्यात तुमच्या ट्रेसरूटमध्ये सडा ते बंदर उणे ४ होते आणि बंदर ते सडा उणे ५. ऑगस्टात जाताना उणे १३ आणि येताना उणे १४ दिसले. दोन्ही बाजू सारख्याच उतरल्या, म्हणजे दोष अँटेनात, केबलमध्ये किंवा मधल्या वाटेत आहे. खारा वारा अँटेनाच्या जोडात शिरतो. पितळेवर हिरवट थर चढतो, वरून बघताना मात्र जोड घट्टच वाटतो. मधली झाडे वाढली तरी असेच होते, कारण ओली पाने सिग्नल खातात. पावसाची धार स्वतः या वारंवारतेला फारशी अडवत नाही, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

आता दुसरा प्रकार. बंदर ते सडा उणे ५ च आहे, पण सडा ते बंदर उणे १६ झाले. सड्याला बंदर नीट ऐकू येते, बंदराला मात्र सडा जेमतेम ऐकू येतो. अँटेना बिघडली असती तर दोन्हीकडून बिघडली असती. म्हणजे दोष बहुधा बंदरावरच्या गोंगाटात आहे. हर्णैच्या एका ग्राहकाकडे असेच झाले होते. त्या दादांनी नोड हलवला नव्हता, सेटिंगला हात लावला नव्हता. पडवीत नोडच्या वरच नवा स्वस्तातला एलईडी दिवा लावला होता. तो बंद करताच आकडा जागेवर आला. नोड चार हात लांब नेला, दिवा राहिला.

ट्रेसरूट सारखे सारखे मारत बसू नका, त्यानेही हवा भरते. महिन्यातून एकदा आकडे वहीत उतरवा, तारखेसकट. मेचा आकडा वहीत नसेल, तर ऑगस्टचा आकडा चांगला की वाईट हे कळणार कसे?

घरून सेटिंग बदलणे

फर्मवेअर (नोडच्या आतला प्रोग्राम) २.५ पासून लांबच्या नोडची सेटिंग घरून बदलता येते. त्यासाठी घरच्या नोडची सार्वजनिक किल्ली (ओळख पटवणारा सांकेतिक मजकूर) सड्यावरच्या नोडमध्ये 'ॲडमिन की' म्हणून भरावी लागते. अशा तीन किल्ल्या बसतात. एक तुमची, एक शेजारच्या वाडीतल्या भरवशाच्या माणसाची आणि एक आमच्या दुकानाची ठेवा. हे काम नोड हातात असतानाच करायचे असते, वर चढवल्यानंतर सुचून उपयोग नाही.

घरच्या नोडची खासगी किल्ली पेन ड्राइव्हवर नक्कल करून ठेवा. घरचा नोड पूर्ण पुसून नवे फर्मवेअर घातले की नवी किल्ली तयार होते, आणि सडा तुम्हाला ओळखेनासा होतो.

तीन गोष्टी मात्र घरून कधीच बदलू नका: प्रदेश, मोडेम प्रीसेट (लाँग फास्टसारखी वेग आणि पल्ला ठरवणारी सेटिंग) आणि चॅनलची किल्ली. एका पावसाळ्यात आम्हीच सड्यावरच्या नोडचा प्रीसेट घरून बदलला. पल्ला वाढेल, असे वाटले होते. त्या क्षणी तो नोड दुसऱ्याच भाषेत बोलू लागला, आणि परत हाक मारायला आमच्याकडे वाट उरली नाही. उघडीप मिळून वर जाईपर्यंत दोन वाड्या एकोणीस दिवस तुटून राहिल्या. तेव्हापासून नियम केला: लांबच्या नोडवर एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर ट्रेसरूट घेऊन खात्री.

मराठीत लिहा, पण थोडक्यात

एका निरोपात सुमारे २०० बाइट मावतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते आणि प्रत्येकीला ३ बाइट लागतात. 'होडी सुखरूप परत' एवढ्यालाच ४१ बाइट होतात. पासष्टएक चिन्हांत निरोप बसवा. लहान निरोप हवेत कमी वेळ राहतो आणि पोचण्याची शक्यता वाढते. लाँग फास्टचा वेग सेकंदाला साधारण हजार बिटच आहे.

होडीवर नोड नेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवा: हा नोड डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटरची (संकटात मदत मागणाऱ्या यंत्राची) किंवा होडीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलची जागा घेत नाही. जिवावर बेतले तर तटरक्षक दलाचा १५५४. आपली मेश, म्हणजे नोडांचे हे जाळे, घरच्यांना "पोचलो" सांगण्यासाठी.

आगोटीत करायचे

शाकारणी मिरगाच्या आधी होते, तसेच हेही करा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा सड्यावर चढा. अँटेनाचा जोड उघडून पुसा आणि पुन्हा रबराच्या चिकटणाऱ्या टेपने गुंडाळा, खालून वर, म्हणजे पाणी घड्यांवरून ओघळेल. डब्याच्या तळाचे छिद्र मातीने बुजले नाही ना, ते बघा. मुंग्या हमखास असतात. पॅनेल पुसा. खाली आल्यावर पहाटेचे व्होल्टेज आणि ट्रेसरूटचे आकडे वहीत लिहा आणि सेटिंगची नवी फाइल लॅपटॉपवर काढून ठेवा.

वीज कडकडू लागली की घरचा नोड लॅपटॉपवरून सोडवा. छपरावरची अँटेना काढायची असेल तर आधी नोड बंद करा, मग अँटेना सोडा. परत लावताना आधी अँटेना, मग वीज. अँटेनाशिवाय नोड चालू केला तर त्याचा रेडिओ जळू शकतो, आणि तो दुरुस्त होत नाही.

नोड दुकानात दाखवायला आणाल तेव्हा सेटिंगची फाइल आणि ती वही सोबत आणा. वही पाहिली की आमचे अर्धे काम होते.