डीव्हीडी बनवणे (व्हिडिओ फाइल कन्व्हर्ट करून डिस्क राइट करणे)

कॉम्प्युटरवरची व्हिडिओ फाइल टीव्हीखालच्या प्लेअरला वाचता येईल अशी करून कोऱ्या डिस्कवर उतरवायचं काम. बोलताना सगळे नुसतं 'डीव्हीडी मारणे' नाहीतर 'राइट करणे' म्हणतात, पण त्यात कन्व्हर्ट करणं, ऑथरिंग (मेनू-चॅप्टर घालून डीव्हीडीची रचना करणं) आणि बर्निंग (डिस्कवर उतरवणं) अशी तीन वेगळी कामं आहेत. घोळ होतो तो पहिली दोन गाळून डायरेक्ट तिसरं केल्यामुळे. एमपी४ फाइल ओढून डिस्कवर टाकली की ती डेटा डिस्क झाली, कॉम्प्युटरवर मस्त चालते, एमपी४ वाचणारा एखादा प्लेअरही चालवेल, पण आजीच्या खोलीतला जुना प्लेअर दोनदा घरघरतो आणि बंद पडतो.

नाव. डीव्हीडीचं पूर्ण रूप काय यावर एकमत नाही. सुरुवातीला 'डिजिटल व्हिडिओ डिस्क' असंच म्हणत, मग हीच डिस्क कॉम्प्युटरच्या डेटालाही वापरायची ठरल्यावर 'डिजिटल व्हर्सटाइल डिस्क' पुढे आलं, आणि काही जाणकार तर ही नुसती तीन अक्षरं आहेत, विस्तार नाहीच असं सांगतात. व्हर्सटाइलवालं रूप नंतर चिकटवलेलं असावं असं मानणारे जास्त आहेत आणि ते पटतं. तोशिबाच्या बाजूचा एक आराखडा आणि सोनी-फिलिप्सचा दुसरा यांची तडजोड १९९५ मध्ये झाली, पहिले प्लेअर १९९६ च्या अखेरीस जपानात विकायला आले. घरी राइट करता येणाऱ्या डिस्कचं साल मात्र जपून सांगावं लागतं, कारण डीव्हीडी-आर साधारण १९९७ ची धरतात पण ती सुरुवातीची ३.९५ जीबीची होती, आज दुकानात मिळते ती ४.७ जीबीची नंतरची. डीव्हीडी+आर २००२ च्या सुमाराची, वेगळ्या गटाने काढलेली. पहिलीतली रेघ ही खरं तर डॅश आहे, वजाबाकी नव्हे, पण समोर 'प्लस' आल्यावर लोकांनी तिला 'मायनस' करून टाकलं आणि आता तेच रूढ आहे. फार जुने प्लेअर मायनस जास्त सहज वाचतात. प्लस डिस्कवर बुकटाइप (डिस्क कोणत्या प्रकारची ते प्लेअरला सांगणारी खूण) 'डीव्हीडी-रॉम' (छापील, विकत मिळणारी डिस्क) असं बदलून घेतलं तर तीही बहुतेक चालते, ती सोय मायनसला नाही.

कन्व्हर्ट करणे. साध्या प्लेअरला एमपेग-२ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) लागतं. आपल्याकडच्या पाल या टीव्हीच्या पद्धतीत चित्र ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आकार ४:३ किंवा १६:९, आवाज ४८ किलोहर्ट्झ. फोनवरचं शूटिंग बहुतेक ३० फ्रेमचं असतं आणि ते बळेच २५ वर आणलं की चालणारा माणूस अडखळल्यासारखा दिसतो, त्यापेक्षा एनटीएससी ही टीव्हीची दुसरी पद्धत (७२० × ४८०, २९.९७ फ्रेम) घ्यावी, आपल्या बाजारातले बरेच प्लेअर दोन्ही वाचतात. फोनची फ्रेमची गती मधेच कमीजास्तही होते, ती आधी एकसारखी करून घेतली नाही तर अर्ध्या तासाने ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फील्डचा क्रम. पालमध्ये सेकंदाला ५० अर्धी चित्रं, म्हणजे फील्ड, असतात, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरच्या) टेपवर खालचं फील्ड आधी येतं, डीव्हीडीवर बहुधा वरचं आधी ठेवतात, आणि कन्व्हर्टरला चुकीचा क्रम सांगितला की हालचाल पुढे-मागे-पुढे थरथरते. गोव्यातल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीची एक डिस्क पाहिली होती, माटोळी (गणपतीवर टांगलेली फळा-पानांची चौकट), समया, बसलेली माणसं सगळं स्वच्छ, पण घुमटावर (मातीच्या भांड्याचं गोव्यातलं तालवाद्य) पडणारा हात मात्र थाप मारायच्या आधी परत वर गेल्यासारखा दिसायचा, बघणाऱ्याला वाटावं वाजवणाराच चुकतोय, आणि आवाजात तर ताल पक्का होता. कॉम्प्युटरवर ही चूक ओळखू येत नाही कारण तिथे असं अर्ध्या-अर्ध्या ओळींचं (इंटरलेस) चित्र तसंही कंगव्याच्या दातांसारखं दिसतं. म्हणून दोन मिनिटांचा तुकडा रीराइटेबल डिस्कवर मारून टीव्हीवर बघावा आणि मगच पूर्ण काम करावं.

हिशेब. कोरी डिस्क ४.७ जीबीची म्हणतात पण कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो, यात फसवणूक काही नाही, मोजायची पद्धत वेगळी. दोन तासाला सरासरी ५.२ मेगाबिट प्रति सेकंद मिळतात, आवाजाचे वजा करून चित्राला सुमारे ५, ते ठीक. चित्राची कमाल मर्यादा ९.८ आहे, पण राइट केलेल्या डिस्कला ८ च्या वर जाऊ नये. देवळासमोरच्या मांडवातलं मराठी नाटक सहज तीन-साडेतीन तास जातं आणि ते एका डिस्कवर कोंबलं की रंगीत पडद्याचे चौकोन पडायला लागतात, तेव्हा अंक बघून दोन डिस्क कराव्यात. वास्कोच्या भजनी सप्ताहाचं अखंड २४ तासांचं शूटिंग असेल तर याच हिशेबाने १२ डिस्क होतात, तिथे प्रत्येक भजनी मंडळाला वेगळा चॅप्टर दिला तर शोधणाऱ्यावर उपकार होतील.

ऑथरिंग. मेनू, चॅप्टर आणि व्हिडिओ_टीएस फोल्डर तयार करणं. आत व्हीओबी (चित्र-आवाजाच्या फाइल, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबी), आयएफओ (मेनू-चॅप्टरची माहिती) आणि त्याची नक्कल बीयूपी. डीव्हीडी फ्लिक आणि डीव्हीडीस्टायलर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि पुरतात.

बर्निंग. डिस्कच्या पोटात रंगाचा पातळ थर असतो, ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल लेझर त्यावर आतून बाहेर खुणा जाळत जातो, काम झाल्यावर डिस्क तिरकी धरली तर जांभळ्या पाठीवर कुठवर राइट झालं ते गडद कड्यासारखं दिसतं. इमेज (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) बनवून इम्गबर्न या सॉफ्टवेअरने मारावी. वेग १६एक्स लिहिलेला असला तरी ८एक्स किंवा ४एक्सवर, म्हणजे पूर्ण डिस्कला साधारण ८ ते १५ मिनिटं. फायनलाइज (डिस्क बंद करून प्लेअरसाठी तयार करणं) आणि व्हेरिफाय (लिहिलेलं पडताळणं) सोडू नये, घाईत नेमकं तेच सोडतात.

गोव्यातली साठवण. जून ते सप्टेंबरच्या दमटपणात कागदी लेबल सुटतं, वाकतं, डिस्क एका बाजूला जड होते आणि प्लेअर अडकतो, त्यामुळे लेबल चिकटवूच नये, डिस्कसाठीच्या मार्करने लिहावं. प्लास्टिक पाकिटात बुरशी धरते. कठीण डबी बरी, उभी ठेवलेली, भिंतीला न टेकवता. बुरशी आलीच तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल नाही. लग्नाची, मुंजीची किंवा जत्रेतल्या काल्याची डिस्क एकच असेल तर तिची आयएसओ इमेज आजच हार्डडिस्कवर काढून ठेवावी, कारण हल्लीच्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो आणि मूळ टेपवर बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी शूट झालेलं असतं.