नकाशावरचे अंतर आणि जाळ्यांमधले करार

इंटरनेटवरील संदेश नेहमी सर्वांत जवळच्या मार्गाने जातो, हा समज संगणकाची चांगली जाण असलेल्या लोकांच्या बोलण्यातही सहज डोकावतो. प्रत्यक्षात एकाच शहरातील, समोरासमोरच्या दोन इमारतींमधील संदेश दुसऱ्या खंडाला वळसा घालून परत आल्याची उदाहरणे दूरसंचार अभियंत्यांना नवीन नाहीत. त्या दोन इमारतींना सेवा देणाऱ्या कंपन्या त्या शहरात एकमेकींशी जोडलेल्या नसतील, तर जिथे त्यांची जाळी कुठल्या तरी तिसऱ्या जाळ्याच्या मध्यस्थीने भेटतात तिथपर्यंत संदेशाला जावेच लागते. काचतंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. भेटीचे ते ठिकाण ५,००० किलोमीटर दूर असेल, तर संदेश जाऊन समोरच्या इमारतीत पोहोचायला ५० मिलिसेकंद आणि त्याचे उत्तर यायला आणखी ५० मिलिसेकंद केवळ प्रवासातच जातात. या वळशामागे बहुधा यंत्रातला दोष नसतो. दोन कंपन्यांमध्ये न झालेला एक करार असतो.

जाळी एकमेकांना जोडण्याचा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना आहे. १८६५ मध्ये २० देशांनी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला, तो सीमेपलीकडे तारा पाठवण्याचे नियम आणि त्यांच्या शुल्काची वाटणी ठरवण्यासाठीच. दूरध्वनीच्या बाबतीत अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी अशी स्थिती होती की, अनेक शहरांत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची जाळी शेजारी शेजारी पसरलेली होती, पण एकीच्या ग्राहकाला दुसरीच्या ग्राहकाशी बोलता येत नसे, आणि म्हणून व्यापाऱ्यांना आपल्या कचेरीत दोन्ही कंपन्यांचे फोन ठेवावे लागत. मोठ्या कंपनीला या अडचणीचा लाभच होता, कारण जिच्याकडे जास्त ग्राहक, तिच्याकडेच नवा ग्राहक जाणार. शेवटी १९१३ मध्ये सरकारी कारवाईच्या दडपणाखाली एटी अँड टी या सर्वांत मोठ्या दूरध्वनी कंपनीने स्वतंत्र कंपन्यांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारांशी जोडू देण्याचे मान्य केले.

जोडणी झाली की पैशांचा प्रश्न येतो. दूरध्वनीत सर्वाधिक रुळलेली पद्धत अशी की, फोन करणाऱ्याचे जाळे फोन घेणाऱ्याच्या जाळ्याला मिनिटामागे काही शुल्क देते. ही पद्धत दिसायला न्याय्य असली तरी तिच्यात एक खोच आहे. ज्या ग्राहकाला फोन लावायचा तो एकाच कंपनीकडे असतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोहोचवण्याच्या कामात त्या कंपनीला स्पर्धक उरत नाही, आणि म्हणूनच हा दर ठरवण्यात बहुतेक देशांच्या नियामकांना लक्ष घालावे लागले. दर चुकला की त्या फटीत नवे धंदे उगवतात. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर जुन्या आणि नव्या कंपन्यांनी एकमेकींना असे शुल्क द्यावे असे ठरले. तो काळ फोनच्या तारेवरून मोडेम लावून इंटरनेट वापरण्याचा होता. काही चलाख नव्या कंपन्यांनी इंटरनेट सेवादात्यांनाच आपले ग्राहक करून घेतले. हे ग्राहक स्वतः कोणाला फोन करत नसत. त्यांना फक्त फोन येत आणि एकेक फोन तासन्‌तास चाले. जुन्या कंपन्यांकडून नव्यांकडे पैशांचा एकतर्फी प्रवाह सुरू झाला, आणि तो रोखण्यासाठी २००१ मध्ये नियामकाला हे दर टप्प्याटप्प्याने खाली आणावे लागले. तंत्रज्ञानात काहीही नवे न करता केवळ दोन जाळ्यांमधल्या शिवणीवर उभा राहिलेला हा व्यवसाय होता.

इंटरनेटवर ही शिवण फार वेगळ्या रीतीने घातलेली आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दूरसंचार क्षेत्रातली सर्वांत सुंदर यंत्रणा तीच आहे. इंटरनेट म्हणजे ७०,००० हून अधिक स्वतंत्र जाळ्यांचा समूह आहे. दूरसंचार कंपन्या, विद्यापीठे, बँका, मोठी संकेतस्थळे यांची ही जाळी असून प्रत्येकाला एक क्रमांक असतो. या साऱ्यांवर कोणतेही मुख्यालय नाही आणि सर्व रस्ते दाखवणारा एकही नकाशा कोणाकडे नाही. प्रत्येक जाळे फक्त आपल्या थेट शेजाऱ्यांशी बोलते, आणि ते बोलण्याची भाषा म्हणजे बीजीपी (बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल) हा संकेत. सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ च्या जानेवारीत ऑस्टिन येथील एका बैठकीच्या वेळी जेवताना कागदी रुमालांवर त्याचा आराखडा मांडला, आणि त्याचीच सुधारलेली चौथी आवृत्ती आज साऱ्या जगाची वाहतूक वळवते आहे.

बीजीपीमध्ये मार्ग शोधला जात नाही, जाहीर केला जातो. ‘घ’ हे जाळे आपल्या शेजारच्या ‘ग’ला सांगते, की संगणकांचे हे पत्ते माझ्याकडे आहेत. ‘ग’ ते ‘ख’ला सांगताना आपला क्रमांक पुढे जोडतो, की हे पत्ते माझ्यामार्फत ‘घ’कडे आहेत. ‘ख’ हेच ‘क’ला सांगतो, तेव्हा ‘क’च्या हाती ‘ख, ग, घ’ अशी यादी येते. यादीत आपलाच क्रमांक दिसला तर ती घोषणा टाकून द्यायची, एवढ्या एका नियमाने संदेश गोल गोल फिरत राहण्याचा धोका टळतो. घोषणा ज्या दिशेने पसरते, तिच्या उलट दिशेने संदेश वाहतात. त्यामुळे कोणाला काय सांगायचे आणि काय सांगायचे नाही, हे ठरवणे म्हणजेच कोणाची वाहतूक वाहायची हे ठरवणे होय.

येथे व्यवहार शिरतो. दोन जाळ्यांमध्ये मुख्यतः दोन प्रकारची नाती असतात. पहिल्या नात्यात एक ग्राहक आणि दुसरा पुरवठादार असतो. पुरवठादार पैसे घेऊन ग्राहकाला साऱ्या जगाशी जोडून देतो, आणि याला ट्रान्झिट म्हणतात. दुसरे नाते बरोबरीचे, म्हणजे पिअरिंगचे. त्यात दोघे एकमेकांच्या ग्राहकांकडे जाणारी वाहतूक सहसा विनामूल्य स्वीकारतात, मात्र तिसऱ्याकडे जाणारी स्वीकारत नाहीत. शेजाऱ्याने आपल्या घरी येण्यासाठी अंगण मोकळे ठेवले, म्हणून त्यातून गावभर जाण्याची वहिवाट मिळत नाही, तसेच हे आहे. यातून घोषणेचा नियम आपोआप निघतो. ग्राहकाकडून कळलेले मार्ग सर्वांना सांगावेत, कारण त्यांवरून येणाऱ्या वाहतुकीचे पैसे ग्राहक देतो. बरोबरीच्या किंवा पुरवठादार जाळ्याकडून कळलेले मार्ग मात्र फक्त आपल्या ग्राहकांनाच सांगावेत. समजा, ‘क’ने ‘ख’ आणि ‘च’ अशा दोन पुरवठादारांकडून सेवा घेतली आहे. ‘ख’कडून कळलेला मार्ग त्याने ‘च’ला सांगितला, तर ‘च’ची वाहतूक ‘क’मधून ‘ख’कडे वाहू लागेल आणि ‘क’ला परक्यांच्या संदेशांसाठी दोन्हीकडे पैसे मोजावे लागतील.

मार्ग निवडण्याचा क्रमही तसाच आहे. एकाच पत्त्याकडे जाणारे अनेक मार्ग हाती असतील, तर सामान्यतः ग्राहकामार्फत जाणारा मार्ग प्रथम निवडतात, कारण त्यात मिळकत आहे. नंतर बरोबरीच्या जाळ्याचा, कारण तो फुकट आहे. आणि शेवटी पुरवठादाराचा, कारण त्यात खर्च आहे. येथे बरोबरी झाली तरच यादीतल्या जाळ्यांची संख्या पाहिली जाते, आणि तीही जाळ्यांची, किलोमीटरची नव्हे. अर्ध्या पृथ्वीवर पसरलेले जाळेसुद्धा यादीत एकच मोजले जाते. या नियमांमुळे मार्गाला एक ठरावीक आकार येतो. तो प्रथम ग्राहकाकडून पुरवठादाराकडे चढत जातो, माथ्यावर फार तर एकदा बरोबरीच्या जाळ्यात आडवा जातो, आणि मग पुरवठादाराकडून ग्राहकाकडे उतरत जातो. एकदा उतरायला लागलेला मार्ग पुन्हा चढत नाही.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. प्रत्येक जाळे मनाला येईल तसे प्राधान्यक्रम ठरवू लागले, तर अशी उदाहरणे रचता येतात, की ज्यांत एकाने मार्ग बदलताच दुसऱ्याला आपला बदलावासा वाटतो, त्यामुळे तिसऱ्याला, आणि त्यामुळे पुन्हा पहिल्याला. ही साखळी कधीच थांबत नाही. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड या संगणकशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवून दिले, की सर्वांनी वरचे स्वार्थी नियम पाळले आणि ग्राहक-पुरवठादार नात्यांचे वर्तुळ कुठे तयार झाले नाही, म्हणजे कोणीही फिरून स्वतःच्याच पुरवठादाराचा पुरवठादार झाला नाही, तर मार्ग नक्की स्थिरावतात. याच्या सिद्धतेत नाती चढत्या क्रमाने लावली जातात आणि निवडी आधी तळापासून वर आणि मग वरून खाली एकेक करून कायम होत जातात.

या रचनेचा कच्चा दुवा म्हणजे घोषणेवरचा विश्वास. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांचा एक छोटा गट आपलाच असल्याची घोषणा आपल्या जाळ्यात केली. ती पुरवठादार असलेल्या पीसीसीडब्ल्यूमार्फत जगभर पसरली. दोन घोषणांपैकी जी अधिक नेमक्या, म्हणजे लहान गटाची, तीच राउटर, म्हणजे संदेशांना वाट दाखवणारी यंत्रे, मानतात. त्यामुळे जगातील बऱ्याच भागातली यूट्यूबची वाहतूक सुमारे दोन तास पाकिस्तानकडे वळून तिथेच लुप्त झाली. पत्त्यांची मालकी गणिती सहीने पडताळण्याची सोय आता अनेक जाळ्यांनी स्वीकारली आहे.

आता व्यवसायाकडे वळू. ट्रान्झिटचे बिल बहुधा असे काढतात: दर पाच मिनिटांनी वाहतुकीचा वेग नोंदवायचा, तीस दिवसांच्या ८,६४० नोंदी उतरत्या क्रमाने लावायच्या, वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२ नोंदी सोडून द्यायच्या आणि त्यानंतरच्या नोंदीवर आकारणी करायची. म्हणजे महिन्यातले ३६ तास कितीही गर्दी झाली तरी ती माफ असते. पण रोज संध्याकाळी दोन तास उसळणारी वाहतूक मात्र नेमकी बिलात येते. याच उसळीला पर्याय म्हणून इंटरनेट एक्स्चेंज उपयोगी पडते. एका इमारतीत एक मोठा स्विच, म्हणजे जाळ्यांना जोडणारे यंत्र, ठेवलेला असतो आणि शेकडो जाळी तिथे एकेक तार आणून परस्परांशी जोडली जातात. तेथील जोडाचे भाडे ठरावीक असते. त्या भाड्याला ट्रान्झिटच्या प्रति मेगाबिट दराने भागले, की किती वाहतूक असल्यास एक्स्चेंज परवडते हे कळते. लंडनचे लिंक्स १९९४ मध्ये आणि फ्रँकफर्टचे डी-सिक्स १९९५ मध्ये सुरू झाले, आणि या दोन्ही शहरांकडे केबल आणि सर्व्हर ओढले जाण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. या जगातले व्यवहार कसे चालतात याचा अंदाज २०११ च्या एका पाहणीवरून यावा. पॅकेट क्लिअरिंग हाऊस या संस्थेने तपासलेल्या १,४२,२१० पिअरिंग करारांपैकी ९९.५१ टक्के करार लेखी नव्हतेच.

अर्थात सगळेच शब्दावर चालत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये लेव्हल थ्री आणि कोजंट या दोन मोठ्या जाळ्यांच्या कंपन्यांचे बिनसले आणि एकाच कंपनीवर अवलंबून असलेल्या दोन्हीकडच्या ग्राहकांना काही दिवस एकमेकांपर्यंत पोहोचता येईना. दोन पुरवठादार ठेवण्याची गरज ग्राहकांना पटवण्यासाठी याहून चांगली जाहिरात झाली नसती.

या भेटीच्या जागांभोवती बरेच धंदे उभे आहेत. कोणत्याही कंपनीशी बांधिलकी नसलेल्या इमारतीचा मालक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या काही मीटर तारेचे दरमहा भाडे घेतो, कारण त्या तारेचे मोल तिच्या लांबीवर ठरत नाही, तर ती कोणाकोणाला जोडते यावर ठरते. मोबाइल रोमिंगमध्ये शेकडो कंपन्यांशी वेगवेगळे करार करण्याऐवजी एका मध्यस्थाशी करार करता येतो, आणि कोणी कोणाला किती देणे लागतो याचा ताळा करून देणाऱ्या संस्था वेगळ्याच असतात. चित्रफिती पुरवणाऱ्या कंपन्या आपले साठे थेट ग्राहकांच्या जाळ्यात ठेवतात, म्हणजे एकच चित्रपट हजार वेळा सीमा ओलांडत नाही. बीजीपीने निवडलेला मार्ग पैशांच्या हिशेबाने उत्तम असतो, वेळेच्या हिशेबाने असेलच असे नाही. म्हणून आपल्या सर्व्हरमार्फत संदेश मुद्दाम वळवून तो लवकर पोहोचवण्याची सेवाही विकली जाते आणि ती अनेकदा खरोखरच चालते.

फाइव्ह-जीच्या जाहिरातींतला एक मिलिसेकंदाचा दावा मात्र सावधपणेच घ्यावा. तो मोबाइल आणि मनोऱ्यामधल्या बिनतारी टप्प्यापुरता आहे. एका मिलिसेकंदात काचतंतूतला प्रकाश २०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १०० किलोमीटर अंतरापर्यंतच पोहोचतो, आणि मनोऱ्याच्या पुढचे सारे काम तारांचे आणि करारांचेच असते. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये मनोरे साथरोग पसरवतात अशा समजुतीने काही लोकांनी ते पेटवून दिले. त्या खुळापेक्षा जाहिरातीतली अतिशयोक्ती निरुपद्रवी खरी, पण दोन्हींचे मूळ मनोरा म्हणजेच सारे जाळे, या एकाच अज्ञानात आहे.

फोनची जुनी पद्धत इंटरनेटला लावावी, वाहतूक पाठवणाऱ्यानेच पैसे द्यावेत, अशी मागणी दूरसंचार कंपन्या वारंवार करतात. दक्षिण कोरियाने २०१६ पासून सेवादात्यांमधल्या हिशेबासाठी तसा नियम केला. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड ही तेथील इंटरनेट कंपनी यांच्यातील शुल्काचा खटला २०२३ मध्ये समझोत्याने मिटला, पण थेट प्रक्षेपणाच्या ट्विच या सेवेने तेथील जाळ्याचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दहापट असल्याचे कारण देऊन फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातला व्यवसाय गुंडाळला. मोडेमच्या काळात पैसे घेणाऱ्याकडे वाहतूक ओढली गेली होती. येथे पैसे देणाराच उठून गेला.