उघड्या रंगमंचामागची खान्देशी कारागिरी : पार्श्वभूमी

खान्देशात जत्रेतला वग, म्हणजे तमाशातले कथानाट्य, असो की शहरातल्या मैदानावरचे महानाट्य, रंगमंचामागे राबणाऱ्या माणसाचे काम प्रामुख्याने दोन गोष्टींनी घडवले आहे : वारा आणि मुक्काम. जे वाऱ्यात उभे राहत नाही आणि रातोरात उतरवून पुढच्या गावाला नेता येत नाही, ते येथे फारसे रुजले नाही. त्यामुळे रंगवलेल्या देखाव्यापेक्षा अंगावर आणि हातात वागवायच्या वस्तूंची परंपरा या भागात अधिक जुनी आणि अधिक चिवट आहे.

सातपुड्यातील काठी या गावच्या राजवाडी होळीत बावा-बुध्यांच्या, म्हणजे सोंग घेऊन नाचणाऱ्यांच्या, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि अंगावर राखेची नक्षी असते. तेथे वेगळा देखावा उभारावा लागत नाही, कारण सोंग घेतलेला माणूस स्वतःच देखावा असतो. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यापासून सुरगाणा-पेठपर्यंत कोकणा समाजात चालणाऱ्या भोवाड्यातही, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगनाट्यातही, लाकडी मुखवटे, संबळाचा ठेका आणि उजेडाची सोय एवढ्यावर देवदैत्यांचे युद्ध उभे राहते. मुखवटा जपणे, रंगवणे आणि वेळेवर सोंगाच्या तोंडावर बांधणे, हेच तेथले पडद्यामागचे काम.

जळगावचा श्रीराम रथोत्सव १८७२ पासून चालत आला आहे. नाटकाच्या इतिहासात त्याची नोंद कोणी घेत नाही, पण चालत्या देखाव्याचे तंत्र पाहायचे तर तेथेच पाहावे. कार्तिकी एकादशीला निघणाऱ्या या अवजड लाकडी रथाला सुकाणू नाही. चाकाखाली मोगरी, म्हणजे लाकडी ठोकळा, नेमक्या क्षणी सरकवून त्याला वळवतात आणि थांबवतात. मोगरीवाल्याचा हात क्षणभर चुकला तर रथ गर्दीत शिरेल, त्यामुळे हे काम जाणत्या माणसाकडेच असते.

रंगवलेला पडदा मात्र बाहेरून आला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि पुढे नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. रेल्वेचे जाळे पसरले, १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरची वाट खुली झाली आणि पेटारे, पडदे, शस्त्रे घेऊन फिरणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. कापडावर सरसाच्या रंगात काढलेला राजवाडा किंवा अरण्य घडी घातली की तडकते, म्हणून पडदा बांबूवर गुंडाळूनच न्यावा लागे. बंदिस्त थिएटरात तो शोभे. उघड्यावर तो शिडासारखा फुगे आणि दोर धरणाऱ्याला ओढून नेई. फाल्गुन-चैत्रातील धुळीच्या वावटळींपुढे मोठ्या पडद्याचा निभाव लागणे कठीणच होते.

उघड्यावरच्या नेपथ्याचा सर्वांत विचारपूर्वक झालेला प्रयोग नाटकासाठी नव्हताच. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, गवत आणि तत्सम गावात मिळणाऱ्या साहित्यातून कमानी, मंडप आणि प्रदर्शनाची मांडणी उभी केली. विकत आणलेल्या झगमगाटावाचून हजारोंचा समुदाय भारून टाकता येतो, हे त्यातून दिसले. पुढच्या नाट्यकर्मींनी हा धडा गंभीरपणे घेतला असे मात्र मला वाटत नाही.

तमाशाच्या फडाने अंगावर वागवायच्या वस्तू आणि फिरत्या मंडळ्यांचा सरंजाम हे दोन्ही प्रवाह जवळ केले. गावजत्रेत दिवसा बारागाडे, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या गाड्या, ओढले जातात आणि रात्री गण, गवळण, बतावणी आणि वग होतो. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या हंगामात पहाटे खेळ संपला की तंबूवाले बिगारी कनात सोडतात, फळ्या उतरवतात आणि दुपारपर्यंत पुढच्या गावी खड्डे खणायला लागतात. वगात कापड टाकलेली खुर्ची सिंहासन होते आणि काही वेळाने तीच न्यायाधीशाच्या पुढ्यात ठेवली जाते. हा काटकसरीचा उपाय आहेच, पण प्रेक्षकाच्या समजुतीवर टाकलेला विश्वासही त्यात आहे. मशाल आणि टेंभ्यांची जागा गॅसबत्तीने घेतली, नंतर जनरेटर आले आणि उजेड वाढल्यावर बेगडाचा मुकुट बेगडाचाच दिसू लागला.

अलीकडच्या महानाट्यांनी लोखंडी सांगाडे, प्लायवुडचे बुरूज, थर्माकोलचे दगड आणि खरे घोडे आणले. सांगाडा ट्रकने येतो. बुरुजांना मागून टेकू देऊन वाळूची पोती रचतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनी रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आले, तेव्हापासून दोन प्रवेशांमधला वेळही मोजून वापरावा लागतो. अंधारात तटाची भिंत फिरवणारी माणसे आता घड्याळाकडे पाहून काम करतात. जो बुरूज चटकन फिरत नाही, तो आराखड्यातूनच वगळला जातो.