‘ट्रिम सेटिंग’ म्हणजे नक्की काय? इंजिन ट्यूनिंगची पार्श्वभूमी

म्हापसा असो की मडगाव, जरा बऱ्या गॅरेजात हल्ली पान्यांच्या पेटीवर लॅपटॉप उघडा असतो. भिंतीवरच्या दरपत्रकात ऑइल चेंज, व्हील अलाइनमेंटच्या खाली ‘रिमॅप’ आणि ‘ट्रिम सेटिंग’ अशा दोन ओळी दिसतात. पहिलीत काय मिळतं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरातले आकडे बदलून) ते गिऱ्हाइकाला साधारण माहीत असतं. दुसरीत काय मिळतं हे ती ओळ लिहिणाऱ्याला तरी सांगता येईल का, मला शंका आहे.

कार्बोरेटरचा, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीनं मिसळणाऱ्या भागाचा, काळ थोडक्यात सांगतो. १९६१ पूर्वी इथे परदेशी गाड्या होत्या, मग ॲम्बेसेडर आणि फियाट आल्या, १९८३ नंतर मारुती ८००. गाडी कुठलीही असो, टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पडायचा ते, डेल्कोवर लागायचं. (डेल्को म्हणजे प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर. त्याला गॅरेजात कुणी डिस्ट्रिब्युटर म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.) बोल्ट सैल करायचा, डेल्को किंचित फिरवायचा आणि गाडी फर्मागुडीच्या चढावर न्यायची. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर खडखड आली तर ॲडव्हान्स (स्पार्क आधी पडणं) जास्त झालं, गाडी मेल्यासारखी ओढली तर कमी. टायमिंग लाइट हाताशी असूनही जुने मिस्त्री शेवटचा निकाल कानावर सोडत. पॉइंटची फट, प्लगची फट, मिक्श्चरचा स्क्रू, की झालं ट्यूनिंग.

तिकडे युरोपात दिशा कधीच बदलली होती. १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, १९७६ मध्ये व्होल्वोत धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर आला आणि १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूत इंजेक्शन व इग्निशन एकाच कॉम्प्युटरी डब्यात (ईसीयू) गेले. आपल्याकडे हे सगळं २००० च्या आगेमागे एकदम अंगावर आलं. शिशाचं पेट्रोल बंद झालं (शिसं ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही मारतं), प्रदूषणाचे नवे नियम लागले आणि गाड्यांच्या मागच्या बाजूला ‘एमपीएफआय’ (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंजेक्शन) अशी अक्षरं झळकू लागली. ज्यांचा हात डेल्कोवर बसला होता त्यांच्यासाठी बॉनेटखाली फिरवण्यासारखं काही उरलंच नाही.

डब्यात असतात ते तक्ते. आडवे आरपीएम, उभा इंजिनवरचा भार, प्रत्येक चौकटीत स्पार्क किती अंश आधी द्यायचा त्याचा आकडा. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणून दोन-चार अंशांचा फरक इंजिनाला चांगलाच कळतो. हे तक्ते बदलायचे तर सुरुवातीला डबा उघडून चिप उपसावी लागे, अतिनील दिव्याखाली पुसून पुन्हा लिहावी लागे. पुढे फ्लॅश मेमरी आली आणि स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीची तपासणी करण्याच्या) सॉकेटमधूनच काम होऊ लागलं. तिथेही गोव्याची म्हणून एक अडचण आहेच. फ्लॅश चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरू शकतो, म्हणून शहाणा ट्यूनर बॅटरीला चार्जर लावतो आणि पावसाळ्यात, वीज केव्हाही जाते म्हणून, तो चार्जर इन्व्हर्टरवर ठेवतो.

आता तो शब्द. भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडीचा दुसरा टप्पा लागू झाला, पाठोपाठ स्वस्त ब्लूटूथ डोंगल आले आणि मोबाइलच्या पडद्यावर सर्वांना ‘शॉर्ट टर्म’ व ‘लाँग टर्म’ फ्युएल ट्रिमचे टक्के दिसू लागले. आकडा दिसला की तो ‘सेट’ करून देणारा निघतोच. पण ट्रिम हा सेट करायचा आकडाच नव्हे. ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू क्षणाक्षणाला पेट्रोल कमी-जास्त करतो ते शॉर्ट टर्म. तोच कल टिकला तर तो मनात धरून ठेवतो ते लाँग टर्म. लाँग टर्म अधिक १० म्हणजे डब्यातला तक्ता सांगतो त्यापेक्षा १० टक्के पेट्रोल जास्त द्यावं लागतंय. ही वाण्याच्या चोपडीतली बाकी आहे. बाकी खोडली म्हणून उधारी फिटत नाही.

माझ्या २०१४ च्या हॅचबॅकवर हे गुदरलं आहे. गाडी एअर फ्लो सेन्सरवाली. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) लाँग टर्म अधिक १४ दाखवत होती. चेक इंजिनचा दिवा लागायला अवकाश होता. तो कोड, पी ०१७१, बहुतेक गाड्यांत वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे उठतो. एका गॅरेजात पैसे मोजून ‘ट्रिम सेट’ करून घेतली, आकडा शून्य झाला, मी खूश. चार दिवसांत १४ परत. त्यांनी ईसीयूची शिकलेली नोंद पुसली होती, बस्स. ते काम बॅटरीची वायर काढूनही बऱ्याच गाड्यांत होतं. मग कुर्टीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं आधी इंजिन २५०० आरपीएमवर धरायला सांगितलं. ट्रिम ४ वर उतरली. “हवा ओढते कुठूनतरी,” म्हणाला. आयडलला फट लहान असली तरी तिचा वाटा मोठा असतो, जास्त हवा जाऊ लागली की तो झाकला जातो. मग मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आसपास कार्ब क्लीनरचा फवारा मारत गेला. फटीतून आत गेला तर तो पेट्रोलसारखा जळतो. एका नळीपाशी इंजिनचा आवाज बदलला आणि मोबाइलवर शॉर्ट टर्म धाडकन उणे झाली. “हे बघा बाब, सापडलं.” नळीचं टोक तडकलं होतं. इंचभर कापून पुन्हा बसवलं. आठवड्यानं लाँग टर्म अधिक २.

खरं ट्यूनिंग करणारा ट्रिमला हात लावत नाही, ती वाचतो. इंजेक्टर किंवा इनटेक बदललं असेल तर मूळ तक्ता आणि सेन्सरचं माप दुरुस्त करतो आणि ट्रिम आपोआप शून्याजवळ येते का ते बघतो. शिवाय ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बहुतेक गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकणं सोडतात आणि मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त) करतात. ताकद तिथे मिळते, म्हणजे ‘ट्रिम सेट करून पिकअप वाढवतो’ हे वाक्य दोन्ही टोकांनी पोकळ आहे.

टायमिंगची गोष्ट वेगळी, तिथे मिळकत खरी आहे, पण सगळ्यांना नाही. साध्या पेट्रोल इंजिनात कंपनीनं फारसं शिल्लक ठेवलेलं नसतं. २०१३ मध्ये १०५ पीएसची छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आली तेव्हापासून इथल्या पोरांना रिमॅपचं वेड लागलं, कारण टर्बोत बूस्ट (दाबून भरलेली हवा) आणि टायमिंग दोन्ही हलवता येतात. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर जास्त ॲडव्हान्स दिलं तर चोर्ला घाटाच्या चढावर ती खडखड (नॉकिंग) ऐकणारा नॉक सेन्सर ते परत काढून घेतो. जुलैत तीच गाडी गुळगुळीत वाटते यात भास थोडाच. गार, दमट हवेत नॉकिंग खरोखर कमी होतं.

कायदा याच्या मागून धावतो आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीवरचा तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे वाचलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आणली. आरसीवर सीसी असते, इंधन असतं, रंग असतो, इग्निशनचा तक्ता नसतो. रुंद टायर आणि मोठा सायलेन्सर रस्त्यावर पकडले जातात, फाइल पकडली जात नाही. वॉरंटी नाकारणाऱ्या कंपनीला मात्र ती दिसते, कारण नव्या ईसीयूत फ्लॅश झाल्याची नोंद राहते. २०२० च्या भारत स्टेज ६ नंतर अनेक डबे ओबीडीतून लिहूच देत नाहीत, टेबलावर काढून उघडावे लागतात.

मधल्या काळात पेट्रोलच बदललं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. दहा टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १४.१, वीस टक्क्यांना १३.५. २०२५ पर्यंत पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, रुळलं आणि हात न लावलेल्या गाड्यांची लाँग टर्मही चारेक टक्के वर सरकली. माझी २ वरून ६ वर गेली. नळी शाबूत आहे, मी तपासली. इंजेक्शनची गाडी एवढं सांभाळून घेते. कार्बोरेटरच्या गाडीला चोपडीच नाही. गेल्या चवथीच्या आधी कुर्टीला गेलो तेव्हा तो मिस्त्री एका जुन्या मारुती ८०० मध्ये मोठं जेट (पेट्रोल सोडणारं भोक) बसवत होता. काम झाल्यावर त्यानं डेल्कोचा बोल्ट सैल केला, पाना खिशात टाकला आणि गाडी फर्मागुडीच्या चढावर घेऊन गेला.