इटली नेमकी कुणाच्या बाजूची? युती आणि सलोखा यांतला फरक

पहिल्या महायुद्धाचा धडा वाचताना गाडी हमखास अडते ती इटलीपाशी. एका पानावर इटली जर्मनीच्या गटात असते आणि चार पानं उलटली की विजेत्यांच्या पंगतीत बसलेली दिसते. वाचणाऱ्याला वाटतं छपाईची चूक असावी. तसं काही नाही. युद्धाआधीचे गट आणि युद्धात प्रत्यक्ष लढलेले गट या दोन वेगळ्या याद्या आहेत, आणि आपण त्या एकच धरून चालतो.

युद्धाआधी युरोपात दोन त्रिकुटं होती. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचं ‘ट्रिपल अलायन्स’. फ्रान्स, रशिया आणि ब्रिटन यांचं ‘ट्रिपल आँतांत’. मराठीत दोन्हींच्या मागे ‘त्रिराष्ट्र’ लागतं, म्हणून ती जुळ्या भावांसारखी वाटतात. पण अलायन्स म्हणजे युती, आणि आँतांत या फ्रेंच शब्दाचा अर्थ साधारण समजूत, सलोखा. सगळी मेख या फरकात आहे.

युती होती रीतसर लेखी. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी १८७९ मध्येच एकत्र आले होते, २० मे १८८२ ला इटली त्यांना येऊन मिळाली. कुणावर हल्ला झाला तर कुणी मदतीला जायचं, हे कलमांत बांधलेलं. करार गुप्त, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण, शेवटचं १९१२ मध्ये. तोवर इटलीचं मन मात्र केव्हाच उडालं होतं. तिला हवे होते त्रेंतो आणि त्रिएस्ते हे सीमेलगतचे इटालियनभाषक भाग, आणि ते होते तिच्याच जोडीदाराच्या, म्हणजे ऑस्ट्रियाच्या ताब्यात! शिवाय १९०२ मध्ये तिने फ्रान्सशीही गुपचूप बोलणी करून ठेवली होती.

सलोख्याचं तसं नव्हतं. त्यात खरी लष्करी युती एकच, १८९४ मध्ये पक्की झालेली फ्रान्स आणि रशिया यांची. ब्रिटनने १९०४ मध्ये फ्रान्सशी आणि १९०७ मध्ये रशियाशी जे करार केले, ते जुनी भांडणं मिटवण्याचे होते. फ्रान्सशी वाद इजिप्त-मोरोक्कोचा, अगदी न्यूफाउंडलंडच्या मासेमारीचासुद्धा; रशियाशी इराण, अफगाणिस्तान आणि तिबेटचा. ‘तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही लढू’ असं वाक्य त्यांत कुठेच नाही. १९१२ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि फ्रेंच राजदूत पॉल कांबों यांच्यात पत्रं झाली, त्यांतही एवढंच की संकट आलं तर आपण विचारविनिमय करू. बांधिलकी नाही.

त्यामुळे १९१४ च्या ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लंडनमध्ये कांबोंची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. तिकडे जर्मनी चालून येतोय, आणि इकडे ग्रे म्हणताहेत, मंत्रिमंडळाचं अजून ठरायचंय. २ ऑगस्टला आश्वासन मिळालं तेही बेतशीर: जर्मन आरमार इंग्लिश खाडीत उतरलं तर आम्ही आडवे येऊ. शेवटी जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. त्यासाठी पुढे केलेला कागद सलोख्याचा नव्हताच. तो होता बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा १८३९ चा करार.

आणि लेखी युतीचं काय झालं? इटलीने कलमावरच बोट ठेवलं. करार बचावाचा आहे, ऑस्ट्रियाने सर्बियावर आपणहून हल्ला केलाय, आम्हाला विचारलंही नाही; सबब आम्ही तटस्थ. कायद्याच्या दृष्टीने तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, असं मला वाटतं. मग मात्र आपल्याकडच्या जागावाटपाला लाजवेल अशी घासाघीस दोन्हीकडे चालली. २६ एप्रिल १९१५ च्या गुप्त लंडन करारात त्रेंतो, त्रिएस्ते आणि आणखी बरंच काही देण्याचं ठरलं, आणि २३ मे रोजी इटलीने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

इथून दुसरी यादी सुरू होते. युतीतून इटली वजा, त्यात ऑटोमन साम्राज्य (म्हणजे तेव्हाचं तुर्कस्तान) आणि बल्गेरिया अधिक, म्हणजे ‘मध्यवर्ती सत्ता’. सलोख्याचे तिघे ५ सप्टेंबर १९१४ ला ‘कुणीही वेगळा तह करणार नाही’ या अटीवर खरे मित्र झाले. त्यांच्यासह बेल्जियम, सर्बिया, जपान, इटली वगैरे मिळून ‘दोस्त राष्ट्रे’. अमेरिका १९१७ मध्ये आली, पण तिने स्वतःला ‘सहयोगी’ म्हणवून घेतलं. वेगळा तह न करण्याची ती अट मोडली रशियाने, क्रांतीनंतर, मार्च १९१८ मध्ये.

या फरकाचा आपल्या माणसांशी थेट संबंध आहे. तुर्कस्तान कुठल्याच त्रिकुटात नव्हतं, तरी ६ व्या पुणे डिव्हिजनमधल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी लढल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी. कुत-अल-अमारात जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकून, घोड्यांचं मांस खायची वेळ येऊन, २९ एप्रिल १९१६ ला त्या डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली. फक्त पहिली यादी पाठ केलेल्याला हे लढाईचं ठिकाण कळणारच नाही.

राहिली ‘अक्ष राष्ट्रे’. हा शब्द पहिल्या महायुद्धात वापरूच नये. तो १९३६ नंतरचा, जर्मनी, इटली आणि पुढे जपान यांचा. म्हणजे पहिल्या वेळी दोस्तांकडे असलेला जपान दुसऱ्या वेळी समोर. आणि इटली? सप्टेंबर १९४३ मध्ये तिने दोस्तांशी शस्त्रसंधी केली, आणि ऑक्टोबरात जर्मनीविरुद्धच युद्ध पुकारलं.